डाव्या हाताचं पेन

ऑक्टोबर उजाडला की आमच्या गल्लीत करवती सुरू होतात. वसंतापासून इथे झाडाझुडपांची मोठी छाटणी करायची नाही, पाखरांची घरटी असतात म्हणून. तसा नियमच आहे. जर्मन माणूस नियम पाळतो, पण सगळा उन्हाळा मनातल्या मनात कुंपणाची मापं काढत बसलेला असतो. ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सगळे एकदम शिड्या घेऊन बाहेर पडतात आणि झिंडेलफिंगेनमधला आमचा एरवी गप्प असणारा रस्ता दुपारपर्यंत घरघरत राहतो. मग दुपारची शांतता पाळायची वेळ होते आणि करवती एका दमात बंद पडतात.

मी खिडकी उघडून उभा राहतो. ऋता, माझी बायको, आतून ओरडते, "अरे, हाइत्सुंग चालू आहे, खिडकी लाव की!" घरातली ऊब बाहेर जायला नको म्हणून मी लावतो, पण तोवर वास आत आलेला असतो. नुकत्याच कापलेल्या ओल्या लाकडाचा वास. त्यात कुठे आलुबुखाराचं झाड असलं तर मला लगेच कळतं, आणि आमची सई तिसरीत होती तो शरद ऋतू जसाच्या तसा परत येतो. माझे वडील, नाना, इथे आले होते तो.

मी पेनं बनवतो. पोटापाण्यासाठी नाही, पोटापाण्यासाठी मी मोटारीच्या दारांच्या बिजागऱ्या डिझाइन करतो. म्हणजे दिवसभर पडद्यावर बिजागरी उलटसुलट फिरवून बघतो. हाताला कधी तेल लागत नाही की नखात काळं जात नाही. कराडहून पुण्याला आणि पुण्याहून इतक्या लांब येऊन आपण मेकॅनिकल इंजिनिअर झालो ते काय माउस हलवायला, असं एका हिवाळ्यात फारच वाटायला लागलं आणि मी गावातल्या संध्याकाळच्या लाकूडकामाच्या वर्गात नाव घातलं. बाकीचे सगळे सॅलडचे वाडगे बनवत होते. मी पेन बनवलं. ते पोटात फुगलेलं आणि टोकाला वाकडं झालं, पण त्यानं लिहिता आलं. आपण केलेल्या वस्तूतून निळी रेघ उमटली त्याचा मला इतका आनंद झाला की पुढच्याच महिन्यात आमच्या तळघरातल्या कपाटाएवढ्या खोलीत एक छोटा लेथ येऊन बसला.

काम तसं सोपं आहे. लाकडाचा बोटभर जाडीचा ठोकळा घ्यायचा, त्याला आरपार भोक पाडायचं, भोकात पितळी नळी चिकटवायची. मग तो लोखंडी दांड्यावर चढवून लेथवर फिरवायचा आणि पटाशीनं हळूहळू गोल करत आणायचा. चौकोनी ठोकळा फिरायला लागला की त्याचे कोपरे दिसेनासे होतात, नुसती धूसर सावली दिसते, आणि त्या सावलीच्या पोटात पेन असतं. लाकूड समजूतदार असतं. पटाशी थोडी घसरली तरी सांभाळून घेतं, वास देतं, भुसा देतं. अ‍ॅक्रिलिकचं तसं नाही. ते आधी लांबच लांब रंगीत फिती सोडत राहतं, त्या फिती स्वेटरला, केसांना, भुवयांना चिकटतात आणि खोलीत दातांच्या दवाखान्यासारखा वास सुटतो. घाई केलीत तर कडकन तुकडा उडवून मोकळं होतं. पण नाक मुठीत धरून त्याची मर्जी सांभाळली, पाण्यात भिजवून बारीक, अजून बारीक पॉलिश पेपरनं घासत राहिलं, की दुधाळ झालेला तो रंग एका क्षणी आतून उघडतो. त्या क्षणासाठी मी शनिवारची सगळी सकाळ तळघरात काढायला तयार असतो.

आणि हे सगळं मी डाव्या हातानं करतो. पटाशीची मूठ डाव्या हातात, उजवा हात नुसता टेकूवर. लिहितो मात्र उजव्या हातानं. पहिलीत असताना माझा हात फिरवला गेला. त्यात मारझोड वगैरे काही नव्हती. डाव्या हातात पेन्सिल गेली की वर्गशिक्षक येऊन ती शांतपणे काढून उजव्या हातात द्यायचे, पुन्हा गेली की पुन्हा काढायचे, न रागावता. दिवाळीपर्यंत हात फिरला. माझे वर्गशिक्षक म्हणजे नानाच होते. कराडच्या शाळेत त्यांनी जन्मभर पहिलीचा वर्ग घेतला, आणि अक्षर बघून मूल नानांकडे शिकलंय हे ओळखणारी माणसं अजून तिकडे भेटतात. माझंही अक्षर चांगलं आहे. फक्त ते मला कधी माझं वाटलं नाही.

नाना सप्टेंबरात आले. आई माझ्या बहिणीच्या बाळंतपणासाठी नाशिकला अडकली होती, म्हणून ते एकटेच. त्यांनी बॅगेतून मेतकूट, भाजणी आणि टॉवेलात गुंडाळलेली एक दगडी पाटी काढली. "दसऱ्याला लागेल," म्हणाले. खालच्या मजल्यावरच्या फ्राउ बॉयर्ले त्या आठवड्यात आलुबुखाराचा केक देऊन गेल्या. नानांनी तो आधी हुंगला, मग जपून खाल्ला आणि "आंबट आहे, पण मनापासून केलाय," असा निकाल दिला.

इथे श्वाबियात जिने झाडायची पाळी असते. आपली पाळी आली की दारावर एक पाटी लटकते, आणि त्या आठवड्यात जिना आपला. आम्ही ते काम शनिवारी कसंबसं उरकायचो. नानांना अर्थ समजला आणि त्यांनी रोज सकाळी जिना झाडायला घेतला. पाटी दारावर आहे तोवर जबाबदारी आपली, असं त्यांचं साधं म्हणणं. फ्राउ बॉयर्ले मला थांबवून म्हणाल्या, तुमचे वडील फार ऑर्डेन्टलिश आहेत. इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं. मी वरती येऊन नानांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे काय ते?" मी म्हटलं, "नीटनेटके." ते नुसते हसले, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तळघराचाही जिना झाडला.

सई तेव्हा आठ वर्षांची. मराठी सगळं समजायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये. नानांनी विचारावं, "शाळेत काय केलंस आज?" तिनं म्हणावं, "निश्ट्स." काही नाही. मग नानांनी माझ्याकडे बघावं आणि मी भाषांतर करावं. दोघांच्या मधे मी दुभाष्या म्हणून बसलेलो असायचो आणि मला ते मुळीच आवडत नव्हतं. आजोबा-नातीचं प्रेम माझ्या तोंडून गेलं की त्यातला ओलावा जातोय असं वाटायचं.

त्या शरदात सईच्या डोक्यात एकच गोष्ट होती. इथे लहान मुलं आधी पेन्सिलीनं लिहितात. अक्षर बसलं की बाई शाईचं पेन वापरायचा परवाना देतात, चक्क मोटार चालवायच्या परवान्यासारखा, नाव आणि शिक्का असलेला. फ्युलर-फ्यूररशाइन. पोरं त्याच्यासाठी जीव टाकतात. सईच्या वर्गात एकेकाला तो मिळत चालला होता आणि ती मागे पडत होती, कारण ती डावखुरी आहे. डावा हात लिहिलेल्यावरून पुढे सरकतो आणि ओली शाई पुसत जातो. शाळेत शाईच्या पेनाचा सराव करून आली की तिच्या डाव्या तळहाताची कड करंगळीपासून मनगटापर्यंत निळी असायची. मला त्या निळ्या कडेचं फार कौतुक होतं. माझ्या त्या हाताला शाई कधी लागलीच नव्हती.

दसऱ्याच्या संध्याकाळी ऋतानं पाटावर स्वच्छ पंचा अंथरला. आपट्याची पानं इथे कुठली मिळायला! पण कोपऱ्यावर जिंकोची झाडं आहेत, त्यांचं पान मधे चिरलेलं, दोन पाळ्यांचं, आणि ऑक्टोबरात खरंच सोन्यासारखं पिवळं होतं. सई पिशवी भरून घेऊन आली होती. माझ्या पटाश्या, करवत, नानांचं जुनं पेन आणि सईची कंपासपेटी असं सगळं मांडलं. लेथ वर आणता येत नाही म्हणून मी खाली जाऊन त्याला हळदकुंकू लावून आलो. मग नानांनी पाटी पुढे केली आणि सईला म्हणाले, "चल, सरस्वती काढ. एकाच्या आकड्यांची. तुझ्या बाबानं पण अशीच काढली होती."

सईनं पाटी जवळ ओढली, पेन्सिल घेतली आणि काढायला लागली. नाना पुढे वाकले. शांतपणे त्यांनी तिच्या डाव्या हातातली पेन्सिल काढली आणि उजव्या हातात दिली.

"देवाचं आहे ना. उजव्या हातानं, बाळ."

सईनं त्यांच्याकडे बघितलं. "वारुम?" का? हे एवढं नानांनाही कळलं असावं. ते म्हणाले, "तसंच असतं." तिनं उजव्या हातानं चार वाकडे एक काढले, पेन्सिल ठेवली आणि "इश माग निश्ट मेअर" म्हणून उठून गेली. मला नको आता. मी समोर बसलो होतो. त्यांचा हात पुढे झालेला मला दिसला होता, पेन्सिल काढून घेताना त्यांच्या बोटांची ती सवयीची, हलकी पकड दिसली होती, आणि मी पाटावरची जिंकोची पानं सारखी करत बसलो. हे असंच सुरू होतं, मला माहीत होतं.

नंतरच्या दिवसांत घर बाहेरून शांत होतं. चेस्टनट पडत होते, धुकं दुपारपर्यंत हलत नव्हतं, नाना सकाळी फिरून खिसाभर चेस्टनट आणून खिडकीत रांगेनं ठेवत होते. सई अभ्यास स्वतःच्या खोलीत दार लावून करायला लागली. आधी ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची. जेवताना डावा हात टेबलाखाली. प्रसादाला उजवा. मग एक दिवस तिच्या बाईंनी, फ्राउ लिंडनरनी, ऋताला शाळेच्या फाटकाशी गाठलं. सई वर्गात उजव्या हातानं लिहायला लागली होती आणि तिचं अक्षर पहिलीच्या मुलांहून वाईट झालं होतं. बाईंनी विचारलं तर म्हणाली, आजोबांना हा हात आवडत नाही.

ऋता घरी आली ती तडक माझ्यासमोर उभी राहिली. "सुहास, तू बोल नानांशी."

"बोलतो."

"कधी?"

कारखान्यात मी वीस माणसांच्या बैठकीत जर्मनमध्ये भांडतो, पण वडिलांसमोर 'नाना, हे चुकतंय' एवढं म्हणायला माझी जीभ उचलत नव्हती. राग होता असंही नाही. त्यांनी आयुष्यात जे उत्तम केलं तेच नको म्हणायचं होतं, आणि ते त्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं हे मला कळत नव्हतं. ते न जमणारा माणूस जे करतो तेच मी केलं. तळघरात गेलो. ठरवलं, सईसाठी पेन बनवू. असं पेन की डावा हात सोडवणारच नाही तिला.

आणि तिथे मी इंजिनिअरलाच जमेल असा गाढवपणा केला. दुकानात मुलांसाठी छान पेनं मिळतात, बोटं बसायला पकडीवर सपाट जागा केलेली. उजव्या हाताचं असं एक आणलं, त्याची काटेकोर मापं घेतली, संगणकावर चित्र काढलं आणि मिररची कळ दाबली. उजव्याचं डावं. आम्ही गाडीचं उजवं दार असंच डावं करतो. दोन शनिवार खपून पेन तयार केलं. दिसायला देखणं झालं. सईनं ते धरलं, एक ओळ लिहिली आणि म्हणाली, "बाबा, एस ष्टिश्ट." टोचतंय. निब कागदात रुतत होती, बोटं सपाट जागेवरून घसरत होती. उजवा हात पेन ओढत नेतो, डावा ढकलत नेतो. अक्षरं तर दोघांनाही एकाच दिशेनं लिहायची असतात. आरशातल्या दाराला हे लागू नसतं. डावखुरा असून मला हे ठाऊक नव्हतं, कारण मी डाव्या हातानं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. मला हसूही आलं आणि फार वाईटही वाटलं.

पुढच्या शनिवारी सकाळी मी पुन्हा लेथवर होतो. फ्राउ बॉयर्लेंनी त्यांच्या तळघरातली, कधीतरी कापून ठेवलेली आलुबुखाराची वाळकी फांदी दिली होती. बाहेरून राखाडी, कामाची न वाटणारी. कापली तर आत तांबूस, जांभळ्या रेघांची. मी पटाशी लावली होती, भुसा उडत होता, आणि दारात कुणीतरी उभं आहे असं वाटलं म्हणून वळून बघितलं. नाना. ऋतानं चहाला बोलवायला पाठवलं होतं. किती वेळ उभे होते कोण जाणे.

मी लेथ बंद केला. ते माझ्या हाताकडे बघत होते.

"हा हात अजून चालतो तुझा?"

"नेहमीच चालतो, नाना. लिहिणं सोडून सगळं त्यानंच करतो."

"मला कधी दिसला नाही."

"तुमच्यासमोर नाही काढत बाहेर."

हे मी सहज बोललो. ठरवून काहीच म्हटलं नव्हतं. नाना आत आले, स्टुलावर बसले, त्यांनी लेथवरचं अर्धवट पेन अंगठ्यानं चाचपलं. हळदकुंकू अजून लेथच्या अंगावर होतं, त्यावर भुसा बसला होता. मग मी सईचं सांगितलं. बाईंनी सांगितलेलं सगळं, त्या एका वाक्यासकट. नानांनी मान खाली घातली. ते भुशाच्या ढिगात बोट फिरवत राहिले.

"पहिलीत हात फिरवला की पुढे मुलाला त्रास होत नाही, असं मला वाटायचं," ते म्हणाले. "कितीतरी पोरांचे फिरवले. कुणी मागे वळून सांगायला आलं नाही, तेव्हा मला वाटलं बरंच झालं." मग उठले. "चल. चहा गार होतोय."

वरती ऋता पोळ्यांची कणीक मळत होती. नानांनी तिच्याकडून लिंबाएवढा गोळा मागून घेतला. सईच्या कंपासमधली पेन्सिल काढली, टोकाजवळ कणीक लपेटली, दोन्ही तळव्यांत फिरवून सारखी केली आणि सईच्या दारावर टकटक केलं. मी मागेच होतो. भाषांतराला लागेन म्हणून.

"धर बघू ही. लिहिताना धरतेस तशी. घट्ट."

सईनं पेन्सिलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. उजवा हात पुढे केला.

"तो नाही," नाना म्हणाले. "तुझा."

मला भाषांतर करावं लागलं नाही. तिनं डावा हात काढला. हळूच, एकेक बोट कणकेवर टेकवत तिनं पेन्सिल धरली आणि दाबली. सोडली तेव्हा कणकेत तिच्या बोटांच्या तीन खोलगट खुणा उमटल्या होत्या, तिरक्या, माझ्या चित्रातल्या एकाही जागेशी न जुळणाऱ्या. नानांनी ती पेन्सिल दोन दिवस हाइत्सुंगवर वाळवली आणि कुणाला तिला हात लावू दिला नाही.

ते पेन मला अजून डोळे मिटून दिसतं. अंग आलुबुखाराचं. पकड निळ्या अ‍ॅक्रिलिकची, कारण बोटांचा घाम आणि शाई लाकूड पिऊन टाकतं. कणकेतल्या खुणा बघत बघत मी ती पकड कानशीनं घासून काढली, हातात नुसता अंदाज धरून. निबचं टोक बारीक पॉलिश पेपरवर आठाचा आकडा गिरवत गोल केलं. नाना स्टुलावर बसून पकड पाण्यात घासून चमकवत होते. निळा रंग आतून उघडला तेव्हा त्यांनी ती दिव्यासमोर धरली आणि लहान मुलासारखे "अरे वा!" म्हणाले. वडिलांबरोबर एवढा वेळ, एवढ्या निवांतपणे, मी मोठेपणी कधीच बसलो नव्हतो. मला खूप बरं वाटत होतं.

सई पुन्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायला लागली. आणि नाना तिच्याशेजारी. त्यांनी एक कोरी वही मागून घेतली, जुनं मिररवालं पेन मागून घेतलं आणि डाव्या हातानं अ आ इ ई गिरवायला सुरुवात केली. काय अक्षर ते! जन्मभर पोरांना वळण लावणाऱ्या माणसाचा 'अ' टेबलावरून खाली पडल्यासारखा दिसत होता. शाई पसरली, तळहात निळा झाला, बाहीला डाग पडला. सई आधी तिरक्या नजरेनं बघत होती. मग तिला राहवलं नाही.

"आजोबा, नाही. वही अशी सरळ नको. अशी तिरकी ठेव. मग हात शाईवर नाही येत."

ऋताचा हात तव्यावरच थांबला. सईच्या तोंडून सलग इतकं मराठी आम्ही ऐकलंच नव्हतं. पण सांगणं भाग होतं ना, आजोबांना जर्मन येत नाही आणि त्यांचं सगळं चुकतंय. नानांनी निमूटपणे वही तिरकी केली. "आता?" "आता बरं. पण एवढं जोरात नको." रोज तासभर हे चालायचं. बाहेर संध्याकाळ लवकर पडायला लागली होती, हिवाळ्यासाठी घड्याळं एक तास मागे गेली होती, आणि टेबलावरच्या दिव्याखाली दोन डावे हात शेजारी शेजारी सरकत असायचे. मधे माझी गरज कुणालाच नव्हती. मी मुकाट कोथिंबीर निवडत बसायचो.

नोव्हेंबरात सईला परवाना मिळाला. तिनं घरी आल्या आल्या जाड कागदाचा तसाच एक परवाना कापला, त्यावर नानांचं नाव घातलं, बटाट्याचा शिक्का केला आणि त्यांना दिला. नानांनी तो पाकिटात गणपतीच्या फोटोशेजारी ठेवला.

परत जायच्या थोडं आधी ते मला म्हणाले, "अजून एक पेन करशील का? डाव्या हाताचंच. मोठ्या माणसाच्या मापाचं."

"कुणासाठी?"

"आहे एक जुना विद्यार्थी. तुझ्याच अंगकाठीचा आहे, तुझ्या हाताच्या मापानं कर."

मला वाटलं, कराडच्या कुणाचं तरी नानांना वाईट वाटत असेल आणि ते प्रायश्चित्त घेतायत. मी मन लावून केलं. उरलेल्या आलुबुखाराचं अंग, पकड गडद हिरवी. पकडीसाठी स्वतः कणीक दाबली. डावा हात लिहिण्यासाठी धरायचा असतो कसा, हेच मला आधी कळेना. दोनतीनदा मोडून पुन्हा लपेटली. पेन झालं तेव्हा नानांनी ते उलटसुलट करून बघितलं आणि खिशाला लावलं.

श्टुटगार्टच्या विमानतळावर सामान आत गेल्यावर आम्ही तपासणीच्या रांगेपाशी उभे होतो. सई त्यांच्या कोटाला धरून. मी वाकून नमस्कार केला. उठलो तर त्यांनी खिशाचं पेन काढलं, माझा डावा हात ओढून घेतला, त्यात ठेवलं आणि वरून माझी बोटं मिटवली. पहिलीत पेन्सिल द्यायचे तशीच हलकी पकड.

"हे तुझं," म्हणाले. "घाई करू नकोस." आणि रांगेत शिरले. काचेपलीकडे त्यांची पाठ दिसत होती तोवर मी तो हात उघडलाच नाही.

सई आता सहावीत आहे. त्या पेनाची पकड तिच्या वाढलेल्या बोटांना पुरत नाही, म्हणून नवं मागतेय. फ्राउ बॉयर्ले या शनिवारी झाडाची एक फांदी उतरवणार आहेत, ती वाळायला ठेवीन म्हणतो. मी तळघरात गेलो की लेथ लावायच्या आधी पानभर लिहितो. वही तिरकी, हिरवं पेन, डावा हात. हात निळा होतो. तो पुसायला मला आवडत नाही, तसाच ऑफिसला जातो.

काल व्हॉट्सअ‍ॅपवर नानांचा व्हिडिओ कॉल आला. ते अंगणात बसले होते. सईनं जिंकोची पानं गोळा केल्याचं सांगितलं, मराठीतच, आणि पळाली. मग ते मला म्हणाले, "दाखव बघू आज काय लिहिलंस."

मी वही कॅमेऱ्यापुढे धरली. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, फोन जवळ नेला.

"कसं वाटतंय?" मी विचारलं. "मला तर पहिलीतल्या पोरासारखं वाटतं."

"बरोबर आहे," नाना म्हणाले. "तिथूनच सोडलं होतं आपण."